आत तोंड केलेली कुत्री

राउमा,
२० ऑक्टोबर १९२९

ति. तेक्लाताईस,
सायमीचा सा. न. वि. वि.

पोचल्याचं पत्र त्याच दिवशी टाक, असं तू स्टेशनवर तीनतीनदा बजावलं होतंस आणि मी आठवडा लावला. रागावू नकोस. सासरी आल्यावर पहिले काही दिवस माणसाला स्वतःचे हातपाय कुठे ठेवावेत तेच कळत नाही, तिथे दौत कुठून सापडणार?

मी खुशाल आहे. घर बुटकं, पिवळ्या फळ्यांचं, पण उबदार आहे. सासूबाई बोलतात कमी आणि राबतात जास्त. दिवसभर लेसची उशी पुढ्यात असते आणि लाकडी रिळांचा खुळखुळाट चालू असतो. मध्येच मान वर करून खिडकीबाहेरच्या आरशात पाहतात. इथे प्रत्येक घराला असा आरसा लावलेला आहे. आत बसल्याबसल्या गल्लीच्या दोन्ही टोकांचं माणूस दिसतं. चहाडखोर आरसा म्हणतात त्याला. आपल्या तांपेरेच्या चाळीत बायका जिन्यात उभ्या राहून जे काम करतात, ते इथे बसून होतं एवढाच फरक.

याल्मारीचं जहाज डेन्मार्कला लाकूड घेऊन गेलं आहे. ‘इल्मी’ला अनुकूल वारा मिळाला तर नोव्हेंबर लागताच येणाऱ्या सर्वपितरांच्या सणाला तो घरी येतो म्हणाला होता. जाताना मला हेही कबूल केलंय की पुढे इंग्लंडची खेप मिळाली की आमच्या दोघांच्या खिडकीसाठी कुत्र्यांची जोडी आणील. ही कुत्री कसली ते सांगते, कारण त्यांच्यापायी मी पहिल्याच आठवड्यात शोभा करून घेतली आहे.

बाहेरच्या खोलीच्या खिडकीत चिनीमातीची दोन पांढरी कुत्री आहेत, मांजराएवढी, गळ्यात सोनेरी साखळी रंगवलेली. मामंजींनी लग्नाच्या वर्षी इंग्लंडहून आणलेली. दोघांची तोंडं रस्त्याकडे, पाठ आपल्याकडे. परवा सासूबाई बाजारात गेल्या, तेव्हा मला वाटलं नव्या सुनेने काहीतरी करून दाखवावं. खिडकी धुतली, पडदे झटकले, कुत्र्यांना साबणाच्या पाण्याने आंघोळ घातली आणि परत ठेवताना तोंडं आत केली. घरात आलेल्या माणसाला कुत्र्याची शेपटी दाखवायची ही कुठली रीत, असं वाटलं मला. तुलाही वाटलं असतं.

तासाभरात समोरच्या मांताआजी दारात हजर, हातात वेलदोड्याची गरम पाव-वेणी. कुठाय तो, असं विचारत तडक आत घुसल्या. मी म्हटलं, कोण? तर मलाच वेड्यात काढायला लागल्या. मग कळलं की इथे खलाशाच्या घरची कुत्री तो समुद्रावर असेपर्यंत बाहेर पाहतात, आणि तो घरी आला की बायको त्यांची तोंडं आत वळवते. सगळी गल्ली ते पाहून समजते. मी शरमेने लाल झाले. म्हटलं, याल्मारी अजून आलेला नाही, चूक माझी आहे. त्यावर मांताआजींनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. म्हणाल्या, याल्मारीचा या कुत्र्यांशी काय संबंध? तो इतक्या वेळा आला नि गेला, ती कधी हललीसुद्धा नाहीत. ती नेस्तोरीची आहेत.

नेस्तोरी म्हणजे माझे मामंजी. १९०७ च्या पानगळीत त्यांचं जहाज गेलं ते गेलंच. याल्मारी तेव्हा पाच वर्षांचा होता. सासूबाईंनी चर्चमध्ये त्यांच्या नावाची घंटा वाजवू दिली नाही, दफनभूमीत दगड लावू दिला नाही, आणि ती कुत्री तेव्हापासून डोळ्यांत तेल घालून रस्त्याकडे पाहत बसलेली होती. ताई, मी त्यांची तोंडं फिरवली! घाईघाईने परत वळवायला गेले, तेवढ्यात सासूबाई टोपली घेऊन उंबऱ्यात उभ्या. कुत्र्यांकडे बराच वेळ पाहत राहिल्या. वाटलं आता चांगलीच खरडपट्टी निघणार. पण त्या हळूच म्हणाल्या, नको, राहू दे आता. आणि मांताआजींच्या हातातली पाव-वेणी घेऊन कॉफी ठेवायला गेल्या.

तुझ्या कानाचं दुखणं कसं आहे? मागांच्या खडखडाटात कापूस घालत जा.

माया आहेच, ती अंतराने पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
सायमी


तांपेरे,
२६ ऑक्टोबर

चि. सौ. सायमीस,
तेक्लाचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. कुत्र्यांच्या आंघोळीची हकीकत मी गिरणीत जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवली. बायका इतक्या हसल्या की मुकादम पाहायला आला. तू लहानपणीही आईचं घड्याळ धुवून वाळत घातलं होतंस, तेव्हा मला नवल वाटलं नाही. विहीणबाईंना सांग, अजून घरात धुवायचं काही राहिलं असेल तर कुलूप लावून ठेवा.

चेष्टा पुरे. पत्राच्या कडेला, बारीक अक्षरात, सकाळी कॉफीच्या वासाने पोटात ढवळतं असं लिहिलं आहेस. कडेला लिहिलेलं मी आधी वाचते, माहीत आहे ना? याल्मारीला ठाऊक आहे का? नसणारच. तो निघाला तेव्हा तुलाच कुठे ठाऊक होतं. विहीणबाईंना तरी सांग. असल्या गोष्टी पोटात ठेवायच्या असतात हे खरं, पण लपवायच्या नसतात.

विणकाम शिकवतात का त्या? तुझ्या मागच्या मोज्याला दोन टाचा होत्या, एक पुढे आणि एक मागे. मी तो अजून ठेवला आहे. मन उदास झालं की काढून पाहते.

तुझ्यावर जीव टाकणारी,
तेक्लाताई


राउमा,
९ नोव्हेंबर

ति. तेक्लाताईस,
सा. न. वि. वि.

सण होऊन गेला. याल्मारी आला नाही. ‘इल्मी’ डेन्मार्कहून निघाल्याची तार जहाजाच्या मालकांकडे आहे, पुढचं काही नाही. सगळे म्हणतात वारे उलटे आहेत, कुठल्यातरी बेटाच्या आडोशाला थांबले असतील. मीही तेच म्हणते, दिवसातून कितीतरी वेळा.

आता दुसरं लिहायचं आहे आणि कसं लिहावं ते कळत नाही. हे पत्र गिरणीत वाचू नकोस.

कुत्री अजून आत तोंड करूनच आहेत. सासूबाईंना बाळाचं सांगणं झालेलं नाही, कारण त्या आता पूर्वीच्या सासूबाई राहिलेल्या नाहीत. त्या गुणगुणतात. गालांवर लाली आली आहे. पेटीच्या तळातून निळा झंपर काढून घातला, तो अगदी बरोबर बसला. एके दिवशी जेवायला तीन ताटल्या मांडल्या. मला वाटलं मांताआजी येणार. कोणी आलं नाही. बटाटा आणि खारवलेलं मांस घोटून खलाशी खातात तो लापसकौसी केला होता, ढीगभर. जेवताना त्या भिंतीकडच्या खुर्चीशी एकदा रागावून म्हणाल्या की तोंड भाजेल, एवढी घाई कसली. माझ्याशी बोलल्या नाहीत, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. बायको नवऱ्याला बोलते त्या आवाजात त्या बोलल्या.

ओसरीत खुंटीखाली रोज सकाळी पाण्याचं थारोळं असतं. खुंटीवर काहीच टांगलेलं नसतं. छप्पर गळतंय म्हणून मी माळ्यावर चढून पाहिलं, तर ते खडखडीत कोरडं. शेवटी थारोळ्यात बोट बुडवून जिभेला लावलं. खारट होतं. आणि डांबराचा वास येतो ताई, जहाजाच्या दोरांना असतो तो. याल्मारीच्या कोटाला असायचा, म्हणून मला ओळखीचा. पहिल्यांदा आला तेव्हा मी वेड्यासारखी दाराकडे धावले.

पण गेल्या शनिवारचं सांगते. दुपारी अंगणातलं सॉनाघर तापवलं. मी टॉवेल घेऊन निघाले, तर सासूबाईंनी हाताला धरून बसवलं. म्हणाल्या, आधी पुरुषमाणसं, मग आपण, तुमच्या तांपेरेत ही रीत नाही का? मी हसले. घरात पुरुषमाणूस कुठे आहे? आम्ही दोघी पायरीवर बसून राहिलो. उजेड अजून होता. आणि मग आतून आवाज आला. तापल्या दगडांवर कोणीतरी पाणी ओतलं. चर्र झालं, धुराड्याभोवती वाफ आली, आणि थोड्या वेळाने परत. एखादा माणूस सावकाश, मजेत, खूप दिवसांनी अंग शेकतो तसं. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. आमची पाळी आली तेव्हा डोकं दुखतंय म्हणून मी आत गेलेच नाही. नंतर डोकावले तर वरच्या बाकाच्या फळीवर बसल्याचा ओला ठसा होता, रुंद, पुरुषाचा.

मांताआजींना मी सहज विचारल्यासारखं केलं की आरशात काही दिसतं का. त्यांनी सुईतला दोरा तोडला आणि म्हणाल्या, दिसायचं ते दिसलं पोरी, तू खिडकी धुतलीस त्याच दिवशी. खांद्यावर पिशवी टाकून बंदराकडून वर आला, तुमच्या फाटकात शिरला. उगाच का मी पाव घेऊन पळत आले? फक्त एकच खटकलं, म्हणाल्या. माझं वय झालं, वेंडलाचं झालं, त्याचं काही झालेलं नाही.

वेंडला म्हणजे सासूबाई. मला भीती वाटते ताई. उत्तर लवकर दे.

तुझीच,
सायमी


तांपेरे,
१४ नोव्हेंबर

चि. सौ. सायमीस,
अ. उ. आ.

पत्र कुणालाही दाखवलं नाही. हसलेही नाही.

आता नीट ऐक. तू दोन जिवांची आहेस, नवऱ्याची वाट पाहते आहेस आणि एका अशा बाईबरोबर कोंडून घेतलं आहेस जिचं बावीस वर्षांचं दुःख कधी वाहून गेलं नाही. त्या घरात खारट पाणी निघालं तर नवल काय, खारवलेल्या माशांचं पिंप तुमच्या ओसरीतच असेल. दगडावर छपराचं दव ठिबकलं की चर्र होणारच. मनी वसे ते स्वप्नी दिसे, आणि एका घरात दोन बायकांच्या मनी एकच वसलं तर ते दिवसाढवळ्या दिसायला लागतं. मांताआजींना तर गल्लीला पुरेल एवढं बोलायला काही ना काही लागतंच.

मेलेली माणसं परत येत नाहीत, सायमी. याबद्दल मी अधिकाराने बोलू शकते. अठरा सालच्या यादवीत, वसंतात, माझा नवरा आर्विद घराबाहेर पडला तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस, तुला सगळं कुणी सांगितलं नाही. कैद्यांच्या छावणीपर्यंत त्याचा माग लागला, पुढे लागला नाही. मला ना कागद मिळाला ना माती. कितीतरी वर्षं जिन्यावर पाऊल वाजलं की मी हातातलं काम टाकून दाराशी जायची. मग एक दिवस माझ्या ध्यानात आलं की जिना शेजाऱ्यांचाही आहे. त्या दिवसापासून मी पुन्हा पोटभर जेवायला लागले. तुझ्या सासूबाईंना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

जमेल तेव्हा गाडीत बस आणि इकडे निघून ये. याल्मारी तुला इथूनही घेऊन जाईल. रजा मागून मी तुला न्यायला येऊ का? लिही.

काळजीने अर्धी झालेली,
ताई


राउमा,
२४ नोव्हेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

मला येता येणार नाही. का ते वाच.

गॉटलंड बेटावरच्या कोळ्यांना किनाऱ्यावर एक बादली सापडली. तिच्यावर ‘इल्मी’चं नाव आहे. मालकांच्या कचेरीत मला सांगितलं की बादली म्हणजे जहाज नव्हे, वादळात डेकवरचं काहीबाही वाहून जातंच. सांगणारा माणूस माझ्याकडे न पाहता टाकाने टेबलावर रेघोट्या ओढत होता. मी घरी कशी आले ते मला आठवत नाही.

मी मांताआजींकडे गेले आणि त्यांचे पाय धरले. म्हटलं, जे खरं ते सांगा. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, कुत्री दोन असली तरी बघतात एकाच बाजूला. इतकी वर्षं ती नेस्तोरीसाठी बाहेर पाहत होती, आणि त्यांच्या नजरेच्या टप्प्यात तुझा नवराही सुखरूप येत-जात होता. आता ती आतल्याला राखतायत. बाहेर आहे त्याला कोण पाहणार?

ताई, तू म्हणशील बाईचं डोकं फिरलं. फिरू दे. मी घरी आले. सासूबाई चर्चमध्ये होत्या. खोलीत जाऊन मी दोन्ही कुत्री बाहेर वळवली. त्यांची नाकं ओली होती, जिवंत कुत्र्याची असतात तशी. स्वयंपाकघरात जाऊन चुलीत लाकूड सारलं आणि परत आले, तर ती आत पाहत होती. घरात मी एकटी होते. पुन्हा वळवली आणि या वेळी पापणीसुद्धा न लववता समोर उभी राहिले. काही झालं नाही. मग मागे खुर्ची करकरली. मी वळून पाहिलं, खुर्ची रिकामी. परत खिडकीकडे पाहिलं तर कुत्री माझ्याकडे बघत होती.

मी तशीच अंगणात पळाले आणि सासूबाई येईपर्यंत कुडकुडत उभी राहिले. त्यांना सगळं बोलून दाखवलं. बादलीचं, मांताआजींचं, सगळं. हात जोडले. म्हटलं, तुमचा स्वतःचा मुलगा आहे तो. त्यांनी डोक्यावरचा रुमाल सोडून त्याची घडी घातली. मग म्हणाल्या, याल्मारी तरणा आहे, पट्टीचा पोहणारा आहे, तो येईल. मी बावीस वर्षं ताटकळले सायमी, मला एक हिवाळा हवा आहे, फक्त एक. बर्फ फुटला की नेस्तोरी आपण होऊन जाईल, तोवर कुणी त्या खिडकीला हात लावायचा नाही. एवढं बोलून त्यांनी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. ताई, मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही. पण त्या बोलत असताना त्यांचा चेहरा इतका तरुण दिसत होता, की माझ्यापेक्षा लहान मुलीचा एखादा खाऊ मी हिसकावते आहे असं वाटलं.

संध्याकाळी आम्ही दोघी विणत बसतो. त्या मामंजींसाठी करड्या लोकरीचे हातमोजे विणतायत, मनगटाशी निळी पट्टी. डावा मला विणायला दिला. त्याचा अंगठा मी वाकडा जोडला आहे, पार करंगळीच्या बाजूला तोंड करून. त्यांनी पाहिला आणि उसवायला सांगितलं नाही. म्हणाल्या, त्याला चालेल, तो चेष्टा करील फक्त.

मी काय करू सांग.
सायमी


तांपेरे,
२८ नोव्हेंबर

चि. सायमीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र हातात घेऊन मी कामावर गेले आणि मागावरचा धागा दोनदा तुटला.

मी कुत्र्यांवर विश्वास ठेवत नाही. पण वादळावर ठेवते, आणि त्या घरात एका बाईच्या हातात किल्ली आहे यावरही ठेवते. म्हणून सांगते, विहीणबाईंशी कुत्र्यांवरून भांडू नकोस. त्या भांडणात त्याच जिंकणार, बावीस वर्षं त्यांनी दुसरं केलंय काय? बादलीचंही बोलू नकोस. आणि त्यांना मुलगा आठवत नाही असंही समजू नकोस. मोठा झालेला मुलगा बुडू शकतो, हे आईच्या डोक्यात येतच नाही.

त्यांना बाळाचं सांग. आजच सांग. माणसाची वाट पाहत जगणं कसं असतं ते त्यांना माहीत आहे, पण त्या वाट पाहणाऱ्या बाईच्या पायाशी बसून एक पोर कसं मोठं झालं, हे त्यांनी एकदा आठवून पाहू दे. याल्मारीने तुला काही सांगितलं असेल तर तेही सांग. त्यापुढे त्यांचा देव आणि त्या.

आणि शाल पांघरून बस.
ताई


राउमा,
६ डिसेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं.

त्या लेसच्या उशीवर वाकलेल्या होत्या. मी म्हटलं, सासूबाई, उन्हाळा लागायच्या आत तुम्ही आजी होणार. रिळांचा आवाज थांबला. मी पुढेही बोलले, तू सांगितलंस तसं. याल्मारीने लग्नाआधी मला एकदा सांगितलं होतं की लहानपणी तो त्या कुत्र्यांच्या मध्ये हनुवटी टेकवून बसायचा, तिसरं कुत्रं व्हायचा, म्हणजे बाबांना घर लवकर दिसेल. आईने ते कधी पाहिलं नाही, कारण ती आरशात पाहत असायची. एवढं सांगून मला रडू फुटलं.

सासूबाई रडल्या नाहीत. पुढ्यातली उशी बाजूला ठेवली. मग विचारलं, पोटात हलतं का? म्हटलं, अजून नाही. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर घरभर राय धान्याच्या भाकरीचा वास. वर्षाचा पहिला बर्फ पडला होता, अंगण पांढरंशुभ्र. सासूबाईंनी निळा झंपर घातला होता. टेबलावर कापडात बांधलेलं गाठोडं होतं, खलाशाला निघताना देतात तसं. भाकरी, कॉफी, साखरेचा खडा, खारवलेले मासे आणि वर ते हातमोजे. त्यांनी खोलीचं कुलूप काढलं, आत गेल्या, दार लोटून घेतलं. आतून हळू बोलण्याचा आवाज येत होता. त्यांचाच आवाज. मध्ये मध्ये त्या थांबत होत्या, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारख्या. एकदा तर चक्क हसल्या.

मग दार उघडून बाहेर आल्या, गाठोडं उचललं आणि अंगणातून फाटकाकडे चालायला लागल्या. मी खिडकीतून पाहत होते. गाठोडं त्यांनी अंगापासून लांब, बाजूला धरलं होतं, आणि अंगणातून चालताना ते हातातून सुटलं. पडलं मात्र नाही. मला ते पुन्हा दिसलं नाही ताई, मी शपथेवर सांगते. फाटकाशी त्या थांबल्या, टाचा उंचावून उभ्या राहिल्या, मान वर करून. नंतर किती वेळ तरी रस्त्याच्या उताराकडे पाहत राहिल्या.

त्या परत आत आल्यावर मी अंगणात गेले. बर्फात पावलं फक्त त्यांची होती, जाताना आणि येताना. पण जाताना त्या पायवाटेच्या अगदी कडेने चालल्या होत्या, स्कर्टला कुंपणाचा बर्फ लागेल इतक्या कडेने. शेजारी एक माणूस चालेल एवढी जागा सोडून.

कुत्री बाहेर पाहतायत. नाकं कोरडी आहेत. सासूबाई अंथरुणाला खिळल्या नाहीत, स्वयंपाक करतात, लेस विणतात, पण एका सकाळीत त्यांच्यावर बावीस वर्षं एकदम चढली आहेत. काल मी त्यांच्या अंगावर शाल घालायला गेले तर म्हणाल्या, मागच्या खेपेला बंदरापर्यंत जायला जमलं नव्हतं, याल्मारीला गोवर होता. या वेळी निदान फाटकापर्यंत तरी गेले.

‘इल्मी’ची काहीच बातमी नाही. मी आरशापुढून हलत नाही. आता मीच आमच्या घरचं तिसरं कुत्रं.

तुझा आधार असाच राहू दे.
सायमी


राउमा,
१८ डिसेंबर

ताई गं,

आला! याल्मारी आला! तार केली होती ती पोचली ना? नमस्कार, आशीर्वाद, सगळं शेवटी लिहीन.

बादली आधीच्या वादळात गेली होती; कितीतरी दिवस आडोशाला थांबून निघाले, तर नोव्हेंबरअखेर जहाज गॉटलंडच्या वरच्या अंगाला खडकांवर फुटलं. सगळे नावेत उतरले, पण वाऱ्याने नाव उघड्या समुद्रात लोटली. शेवटी एका ओसाड बेटावर दीपगृहाच्या राखणदाराला सापडले. तिथे तार नाही, आणि समुद्र शांत होईपर्यंत नाव नाही. एकाच्या पायाची बोटं कापावी लागली, पण माणसं सगळी जगली. याल्मारी पार वाळला आहे, दाढी वाढली आहे, झोपतो आणि खातो, खातो आणि झोपतो. बाळाचं सांगितलं तेव्हा आधी हसला आणि मग भिंतीकडे तोंड करून ढसढसा रडला.

आता हे ऐक. तो दारात उभा राहिला तेव्हा मी आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग हातांकडे. हातात करडे लोकरी हातमोजे होते, मनगटाशी निळी पट्टी. डाव्याचा अंगठा करंगळीकडे वळलेला.

तो म्हणाला की नावेत सुकाणू त्याच्याकडे होतं. हात गोठून लाकडाला चिकटले होते, बोटं सोडवता येईनात, आता सोडूनच द्यावं असं मनात आलं होतं. पहिला बर्फ पडायला लागला ती सकाळ. तेव्हा मांडीवर हे हातमोजे दिसले. कुणीतरी दिले असणार म्हणून घातले आणि सुकाणू धरून ठेवलं. नंतर एकेकाला विचारलं. कुणीही कबूल होईना. उलट सगळे त्या अंगठ्याला हसले, की असला अंगठा विणणारी बायको ज्याला मिळाली त्याने तरी ओळखावा.

सासूबाईंनी ते त्याच्या हातातून काढून घेतले. उलटून पाहिले, तोंडाशी नेले. मग एकच प्रश्न विचारला. घातलेस तेव्हा कसे लागले? तो म्हणाला, गरम. नुकतेच कुणीतरी हातातून काढून दिल्यासारखे गरम.

सासूबाईंनी मान हलवली आणि चुलीपाशी जाऊन लापसकौसी ढवळायला लागल्या. मी कुत्र्यांची तोंडं आत करू का म्हणून विचारलं, मुलगा आलाय तुमचा. नको म्हणाल्या. याल्मारी दिसतोय की समोर. त्यांना बाहेरच राहू दे, ज्याचं काम बाहेर आहे तो बाहेर आहे. तू तुझी जोडी आण.

तुझ्या सांगण्याने माझं घर वाचलं, ताई. हे मी जन्मात विसरणार नाही. सा. न. आत्ता घे.

तुझी,
सायमी


तांपेरे,
२२ डिसेंबर

चि. सौ. सायमीस आणि चि. याल्मारीस,
तेक्लाचे अनेक अनेक आशीर्वाद.

तार मिळाली तेव्हा मी मागावर होते. तिथेच खाली बसले. मुकादम ओरडला आणि मग त्यानेच पाणी आणून दिलं. जिवात जीव आला. याल्मारीला पहाटे दूध आणि लोणी दे, आणि समुद्राचं नाव वसंतापर्यंत काढू देऊ नकोस. तू वजन उचलू नकोस. नाताळाला मी एक मोठा डबा पाठवते आहे, त्यात बाळासाठी फ्लॅनेल आहे, गिरणीतलंच, धुवून मऊ केलेलं. दोन टाचांचा मोजाही पाठवला असता, पण तो आता मी कुणाला देणार नाही. तू विणलेल्या वाकड्या वस्तू काय करू शकतात ते मला ठाऊक झालं आहे.

विहीणबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांना म्हणावं, मी त्यांच्याबद्दल एका पत्रात थोडं शहाणपण शिकवलं होतं, ते मागे घेते.

आणि एक काम आहे. हसू नकोस. याल्मारी पुन्हा इंग्लंडला जाईल आणि तुमच्या खिडकीसाठी कुत्री आणील, तेव्हा एक जोडी माझ्यासाठीही आणायला सांग. पैसे मी आधी पाठवीन. फार मोठी नकोत, माझी खिडकी लहान आहे आणि अंगणाकडे उघडते. इथे कुणाला त्या रिवाजाची माहिती नाही, तेव्हा पाव घेऊन कुणी धावत येणार नाही.

मांताआजी म्हणाल्या ना, आतल्याला राखलं तर बाहेरच्याला पाहायला कुणी उरत नाही? मी त्यावर खूप विचार केला. आईबाबा मातीत आहेत. तू तुझ्या माणसात आहेस, तुझ्यासाठी त्या घरची कुत्री जागी आहेत. बाहेर राहिलेलं असं माझं कुणीच नाही, एक जण सोडला तर. तेव्हा मी माझ्या कुत्र्यांची तोंडं पहिल्या दिवसापासून आत ठेवली, तर कुणाचं काय बिघडणार आहे? जिना शेजाऱ्यांचाही आहे, पण खिडकी माझी एकटीची आहे.

तिसरी ताटली घरात होतीच कुठे, पण दुसरी मी काल फडताळातून काढून धुवून ठेवली आहे.

लवकर आणा.
तुमची,
तेक्लाताई